विभुते मॅडमचं गिऱ्हाईक

मागच्या महिन्यात बीडला आमचं एक प्रशिक्षण झालं. विषय मोठा भारदस्त होता: प्रकल्पाधारित सहयोगी अध्ययन. प्रशिक्षण इंग्रजीच्या शिक्षकांचं आणि मी गणिताचा माणूस. पण शाळेतून कुणीतरी जायचंच होतं आणि मुख्याध्यापकांच्या नजरेसमोर त्या वेळी नेमका मी उभा होतो. शिकवायला आलेले साधनव्यक्ती तरुण होते. त्यांनी चहाच्या आधी सहयोगाची व्याख्या सांगितली आणि चहानंतर सहयोगाचे फायदे सांगितले. मुलांनी गटात काम करावं, कामाला खरा हेतू असावा, भाषा वापरता वापरता यावी, शिक्षकानं बाजूला सरकावं. सगळं पटण्यासारखं होतं. फक्त पडद्यावरचे ते गोल आणि बाण काही माझ्या डोक्यात शिरेनात. मला सारख्या दिसत होत्या हुरड्याच्या धुरात डोळे चोळत उभ्या असलेल्या आमच्या विभुते मॅडम, आणि मी भर प्रशिक्षणात हसत होतो. शेजारच्या गुरुजींनी विचारलं, "काय झालं हो?" म्हटलं, "काही नाही. आमच्याकडं हे शेतात झालंय."

गेवराईहून उमापूरकडं जाताना मध्ये एक फाटा लागतो. त्या फाट्यापासून आत आमचं गाव आणि गावाच्या तोंडाशीच आमची संस्थेची शाळा. मॅडम रोज गेवराईहून एसटीनं यायच्या आणि फाट्यापासून चालत. कपाळावर विभूतीची बारीक पट्टी, कडक इस्त्रीची साडी आणि साडीखाली पांढरे स्पोर्ट शूज. त्या शुजांवरून पहिल्या आठवड्यात पोरांनी जे हसायचं ते हसून घेतलं. मग एकदा शाळेत घुसलेल्या वळूमागं मॅडम मैदानभर धावल्या आणि त्याला फाटकाबाहेर काढून आल्या. तेव्हापासून शुजांचा विषय बंद झाला.

मूळच्या त्या घाटनांदूरच्या. वडिलांचं तिथं किराणा दुकान, आणि ही बाई लहानपणापासून गल्ल्यावर बसलेली. त्यामुळं त्यांचं सगळं बोलणं दुकानातलं. हुशार मुलगा म्हणजे 'चालू माल', पाठ करून येणारा म्हणजे 'पॅकबंद', आणि आमचे मुख्याध्यापक गोरे सर, जे कोणत्याही प्रश्नावर "बघू" म्हणायचे, ते 'उद्या या'.

बोलण्याची हौस तर इतकी की स्टाफरूममध्ये दुसऱ्या कुणाचं वाक्य पूर्ण होत नसे. मी म्हणायचो, "मॅडम, काल आमच्या घरी…"

"पाव्हणे आलते?"

"नाही, तो गॅस…"

"संपला ना? आमचा बी संपलाय बघा."

प्रत्यक्षात गॅसवाल्याच्या लग्नाची पत्रिका आलेली असायची. पण ते सांगायला वेळ मिळेपर्यंत तास सुरू व्हायचा.

आणि हीच बाई वर्गात गेली की गप्प. एखादं पोर इंग्रजी बोलायला उभं राहिलं, अडखळलं, आकाशाकडं बघायला लागलं, तर आमच्यासारखा माणूस चटकन शब्द पुरवून मोकळा होतो. मॅडम पुरवायच्या नाहीत. खुर्चीवर उजवा हात मांडीखाली दाबून बसायच्या. मी एकदा विचारलं, हा काय प्रकार? तर म्हणाल्या, "हा हात लई खोडकर हाय सर. पोरगं चुकलं की लगीच लाल पेनाकडं पळतो. म्हणून त्याला बसवून ठेवते." तोंडाला कसं बसवून ठेवतात ते मात्र त्यांनी सांगितलं नाही, सांगितलं असतं तर स्टाफरूममध्येही उपयोग झाला असता.

आल्या त्याच वर्षी त्यांनी आठवीच्या पोरांना प्रश्न घातला, "आपल्या गावात इंग्रजी कुठं कुठं हाय?" पोरं म्हणाली, पुस्तकात. मॅडमनी चौघाचौघांचे गट केले आणि दिले सोडून गावात. पोरांनी गाव पालथं घातलं. विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरवर इंग्रजी होती, खताच्या पोत्यावर होती, गोळ्यांच्या पाकिटावर होती, ट्रॅक्टरच्या बोनेटखाली होती, एवढंच काय, सरपंचांच्या घरी नव्या वॉशिंग मशीनवर होती, आणि ते मशीन चार महिने फक्त धान्य ठेवायला वापरत होते कारण बटणं कुणाला कळत नव्हती. एका गटानं उत्साहाच्या भरात फवारणीच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्याच उचलून शाळेत आणल्या. मॅडमनी आधी सगळ्यांना नळावर नेऊन कोपरापर्यंत हात धुवायला लावले, मग बाटल्या बाहेर नेऊन ठेवल्या आणि मगच ओरडल्या. दुपारी त्याच बाटल्यांवर तीन हात लांबून धडा झाला. काय मिसळायचं, किती मिसळायचं, तोंडाला काय बांधायचं. शब्दकोश, मोबाइल, शेजारचा गट, जमेल तिथून पोरांनी अर्थ खणून काढला आणि ज्याच्या त्याच्या घरी जाऊन समजावून सांगितला.

दुसऱ्या दिवसापासून शाळेच्या फाटकावर गिऱ्हाईक सुरू झालं. कुणी मोबाइल घेऊन, कुणी मिक्सरचा कागद घेऊन. एक म्हातारबाबा तर डोळ्यांचे थेंब घेऊन आले आणि म्हणाले, "मास्तर नको. ते चार पोरं बोलवा."

मॅडमचं तत्त्व यातच होतं. त्या मला सांगायच्या, "दुकानात माल कितीबी भरा सर, गिऱ्हाईक न्हाई आलं तर उंदरं खातेत. पोरांच्या डोक्यात पाचवीपासून इंग्रजी भरलीय की आपण. गिऱ्हाईक कुठाय तिला?" म्हणून मग त्यांच्या प्रत्येक उद्योगात पहिला प्रश्न ठरलेला असे: हे कुणासाठी करायचं? 'मॅडमसाठी' हे उत्तर चालत नसे.

गटाचा नियमही त्यांनी आपल्याच घरचा आणला होता. सरपंचांचा आदित्य वर्गात सगळ्यांत तल्लख आणि तितकाच उतावळा. त्यानं एकदा आपलं बोलून टाकलं, वही मिटली आणि उठून दाराकडं निघाला. मॅडमनी हाक मारली, "आदित्य, पंगतीत शेवटच्याचं व्हायच्या आधी उठतेत का रं?"

आदित्य जागेवर थांबला. घरात, लग्नात, सप्त्यात ते पोर कधी पंगतीतून मधेच उठलं नव्हतं. परत येऊन बसला. तेव्हापासून नियम झाला. गटातल्या शेवटच्या पोरानं इंग्रजीत स्वतःचं एक वाक्य बोलल्याशिवाय गट उठायचा नाही.

हा नियम सगळ्यांत महागात पडला तो आदित्यच्याच गटाला, कारण त्या गटात रुक्मिण होती. उंच, कामाला वाघ, आणि तोंडातून आवाज नाही. इंग्रजीत तर नाहीच, पण मराठीतही हजेरीपुरताच. तिच्यापायी गट रोज बसून राहायचा. आदित्य हात जोडायचा, "बोल की गं बाई, काय बी बोल. माझी क्रिकेटची टीम बोंबलायलीय भाईर." मग इतर तिघं तिला एखादं वाक्य पढवायचे, ती ते पुटपुटायची, मॅडम मान हलवून म्हणायच्या, "हे आदित्याचं वाक्य झालं. तुजं?" आणि पुन्हा सगळे बसायचे. एकदा तर मॅडमची पाचची एसटी गेली. त्या फाट्यावर सहाच्या गाडीची वाट बघत उभ्या होत्या आणि सोबतीला आदित्यचा अख्खा गट उभा होता. रुक्मिणसुद्धा. आदित्य सोडून सगळे मजेत होते.

गावाला मात्र हे सगळं सरसकट पटत होतं असं नाही. पालकसभेत एक बाप उठून उभा राहिला. "मॅडम, कावून फिरवता वो पोरांना गावभर? माजं पोरगं पुस्तक सोडून मोटारीच्या पाट्या वाचायलंय. दहावीच्या पेपरात मोटार येणार हाय का?" लोक हसले, पण मान डोलावणारेही पुष्कळ होते. मॅडम म्हणाल्या, "मोटार न्हाई येणार भाऊ. पण पेपर तीन तासात संपतो. मोटार वीस वर्षं चालते." उत्तर चांगलं होतं. पण अशा उत्तरांनी तक्रार मिटत नसते, ती फक्त सभेतून उठून वरच्या घरी जाते. ती गेली अण्णांच्या घरी.

अण्णा म्हणजे आमच्या संस्थेचे सचिव. मोठी शेती, मोठा वाडवडिलांचा दबदबा, पंचक्रोशीतली निम्मी लग्नं त्यांच्या हजेरीशिवाय लागत नसत. त्यांनी गोरे सरांना बोलावून घेतलं. गोरे सर परत आले ते घाम पुसत. निकाल असा होता: संक्रांतीनंतर अण्णा स्वतः येऊन नववीचं काम बघणार. पोरं इंग्रजी बोलली तर ठीक. नाही तर जूनपासून इंग्रजी दुसऱ्याकडं, आणि मॅडमकडं भूगोल व ग्रंथालय.

मॅडम त्या दिवशी स्टाफरूममध्ये कुणाचंही वाक्य न तोडता बसून राहिल्या. मला ते बघवेना. म्हटलं, "मॅडम, दोनचार हुशार पोरांकडून भाषणं पाठ करून घ्या. अण्णांना कुठं कळतंय?" त्यांनी माझ्याकडं बघितलं. "सर, इंग्रजी गेली तर मी काय विकू? दुसरं काय बी येत न्हाई मला." हे त्या हसत म्हणाल्या, पण मी पुन्हा भाषणांचं नाव काढलं नाही.

मग त्यांनी गिऱ्हाईक शोधलं, आणि यावेळी असं की ज्याला मराठी येतच नाही. गावाच्या माळावर सोलारचा प्लांट उभा राहत होता. तिथले इंजिनिअर सेल्वम साहेब तमिळनाडूचे. त्यांना मराठी येत नव्हती, हिंदी येत नव्हती, आणि फाट्यावरच्या हॉटेलवाल्याला इंग्रजी येत नव्हती. हॉटेलवाला सांगायचा, "साहेब रोज येतो, कायतरी बोलतो, मी केळी देतो." दोन महिने तो माणूस मुख्यत्वे केळ्यांवर जगला होता.

नववीनं ठरवलं की सेल्वम साहेबांना हुरडा खाऊ घालायचा आणि तो सगळा कार्यक्रम इंग्रजीत. एका गटाकडं स्वागत आणि गावाची माहिती, एका गटाकडं चटण्या आणि त्यांचा तिखटपणा, आदित्यच्या गटाकडं आगटी, म्हणजे हुरडा भाजायची गोवऱ्यांच्या विस्तवाची खळगी. कणसं कशी भाजतात, कशी चोळतात, गरम असतानाच का खायचं. महिनाभर वर्गात नुसती धांदल. 'आगटी'ला इंग्रजीत काय म्हणायचं यावर दोन गटांत भांडण झालं, आणि शेवटी आगटीला आगटीच म्हणायचं, पण ती दाखवत म्हणायचं, असा तह झाला.

आदल्या दिवशी गोरे सर मॅडमना बाजूला घेऊन म्हणाले, "त्या रुक्मिणला उद्या नुसतं चोळायला बसवा. बोलायचं आदित्यच बघेल. अण्णांसमोर उगं शोभा नको."

"मग पंगतच मोडा सर," मॅडम म्हणाल्या. "गट आला तर सगळा येईल."

गोरे सर म्हणाले, "बघू."

शाळेमागच्या रानात गूळभेंडी ज्वारी उभी होती. सकाळपासून गोवऱ्या पेटवल्या होत्या. धूर, लसणाची चटणी, जवसाची चटणी, दही, गूळ, बोरं, सगळा थाट. अण्णा आले, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत सतरंजीवर बसले. सेल्वम साहेब आले, बूट काढू की नको या विचारात उभे राहिले. स्वागत झकास झालं. चटणीवाल्या गटातल्या एका पोरीनं "धिस वन स्मॉल फायर, दॅट वन बिग फायर" असं सांगितलं आणि साहेब पोटभर हसले. आदित्यनं आगटी समजावली. अण्णांनी गोरे सरांकडं बघून मिशीतल्या मिशीत पसंती दिली. मॅडम धुराच्या बाजूला उभ्या होत्या, मुद्दाम लांब.

मग खाणं सुरू झालं आणि गोंधळही सुरू झाला.

साहेबांना हुरडा आवडला. त्यांनी मनापासून खाल्ला, परत घेतला, आणि मग म्हणाले, "इनफ, थँक यू." आता पोरांना इनफचा अर्थ येत होता. पुस्तकात धडा होता, उजळणी झाली होती. पण आमच्याकडं पाहुण्याचं पहिलं 'नको' कोण ऐकतं? पहिल्या 'नको'वर थांबणारं घर म्हणजे कंजूष घर. एका पोरानं मूठभर वाढलं. साहेब म्हणाले, "नो, प्लीज." दुसऱ्यानं दोन मुठी वाढल्या. साहेब सज्जन, ताटात पडलं ते संपवलंच पाहिजे असं त्यांना त्यांच्या आईनं शिकवलेलं असावं. ते संपवायचे आणि ताट रिकामं दिसलं की पोरं वाढायची. आणि या सगळ्याचे पुढारी होते खुद्द अण्णा. "वाढ रं, वाढ! पाव्हणा लाजायलाय!" शेवटी तर ते स्वतः उठले, गरम हुरड्याची मूठ भरून घेतली आणि साहेबांच्या ताटाशी येऊन उभे राहिले. साहेबांच्या कपाळावर घाम आला होता. ते अण्णांकडं, ताटाकडं आणि लांबच्या प्लांटकडं आळीपाळीनं बघत होते.

मी मॅडमकडं बघितलं. त्यांच्या लक्षात आलं होतं. एक वाक्य त्या बोलल्या असत्या तर सगळं निभावलं असतं, आणि एक पाऊल त्यांनी टाकलंसुद्धा. मग तिथल्याच एका दगडावर बसल्या आणि हात मांडीखाली घेतला. मला त्यांचा भयंकर राग आला. मनात म्हटलं, बाई, आज तरी उठा, तुमची इंग्रजी चाललीय!

तेवढ्यात सतरंजीच्या कडेला कणसं चोळत बसलेली रुक्मिण बोलली. तिनं मान वर केली, साहेबांकडं बघितलं आणि अगदी सावकाश, एकेक शब्द शोधत म्हणाली, "सर. हिअर, वन टाइम नो… पीपल गिव्ह मोअर. यू से थ्री टाइम्स. अँड हँड, लाइक धिस." आणि तिनं काळवंडलेला आपला पंजा हवेत आडवा धरून दाखवला.

अण्णांना शब्द कळले नव्हते, पण आपल्या मुठीवरून काहीतरी बोललं गेलंय हे कळलं होतं. "काय म्हणली ही?"

गोरे सर चप्पल शोधायला लागले. शेवटी आदित्य पुढं झाला. "अण्णा, ती म्हणली… आपल्याकडं एकदा नको म्हणलं की माणसं जास्तच वाढतेत. तीनदा म्हणा, अन् ताटावर हात आडवा धरा."

आणि सेल्वम साहेबांनी जीव मुठीत धरून ताटावर हात आडवा धरला. "नो," ते म्हणाले. "नो. नो."

अण्णा मूठ घेऊन उभेच. त्यांनी साहेबांच्या हाताकडं बघितलं, रुक्मिणकडं बघितलं. मग ती मूठ त्यांनी स्वतःच्याच तोंडात टाकली आणि खात खात असे हसायला लागले की त्यांना ठसका लागला आणि पाणी द्यावं लागलं. "खरं बोलली की बे पोरगी! साठ वर्षं झाली, मला कुणी सांगितलं न्हाई हे." साहेबही हसले, पोरं हसली, आदित्य तर रुक्मिणच्या पुढ्यात लोटांगण घालायचा बाकी राहिला. जाताना अण्णा गोरे सरांना एवढंच म्हणाले, "मॅडमची इंग्रजी हलवू नका. अन् आमच्या नातीच्या लग्नात पुण्याचे पाव्हणे यायचेत, वाढपाच्या वेळी त्यांच्यापाशी ही पोरगी उभी करा."

नंतर मॅडम आमच्याकडं आणखी काही वर्षं होत्या. मग निवृत्त होऊन घाटनांदूरला गेल्या, आणि भावाच्या दुकानात बसून गिऱ्हाइकांचं बोलणं तोडतात असं ऐकतो. भेटही झाली एकदोनदा. पण माझ्या मनात त्या राहिल्यात त्या हुरड्याच्या दिवशी संध्याकाळी पाहिलेल्या.

मी त्यांना सोडायला फाट्यापर्यंत गेलो होतो. म्हटलं, "मॅडम, अभिनंदन. इंग्रजी वाचली."

त्यांनी माझं वाक्य तोडलं नाही, तेव्हाच मला वाटलं की काहीतरी झालंय. त्या रस्त्याकडं बघत होत्या. मग म्हणाल्या, "सर, ती जे बोलली ना… ते मी शिकवलं न्हवतं. आदित्यानं पढवलं न्हवतं. पुस्तकात बी न्हाई. ते तिचं सोताचं होतं वो." आणि ती वळूमागं धावणारी बाई भर फाट्यावर, हॉटेलवाल्यासमोर, पदर तोंडाला लावून रडली. इंग्रजी राहिली याचं त्यांना काही पडलेलं दिसत नव्हतं.

मला त्या बाईचा त्या वेळी खरोखर हेवा वाटला. मी इतकी वर्षं गणित शिकवतोय. माझी पोरं माझंच उत्तर मला परत आणून देतात आणि ते बरोबर आलं की मी खूश होतो. मी कधी न शिकवलेलं असं काही मला अजून कुणी आणून दिलेलं नाही.

एसटी आली. मॅडम डोळे पुसत चढल्या आणि खिडकीशी, टोपली मांडीवर घेऊन बसलेल्या एका म्हातारीच्या शेजारी बसल्या. गाडी अजून सुटली नव्हती. म्हातारी काहीतरी सांगायला लागली होती, बहुतेक उतरायचं गाव. पण मॅडमनी तिला मधेच थांबवलं आणि पंजा हवेत आडवा धरून बोलायला सुरुवात केली. म्हातारी आधी चकित झाली, मग टोपली सावरून ऐकायला लागली, मग बोळकं उघडून हसली. कंडक्टरनं घंटी मारली, गाडी हलली, गेवराईच्या रस्त्याला लागली, आणि आत मॅडम अजून सांगतच होत्या.